रेषेवरील शब्द : रससूत्राच्या अध्यापनात संकल्पना-नकाशाचा उपयोग

साहित्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट परिचयाची असते. रसप्रक्रियेवर प्रश्न विचारला की विद्यार्थी त्याचे उत्तर बहुधा यादीच्या स्वरूपात देतो. स्थायिभाव ८, व्यभिचारिभाव ३३, सात्त्विक भाव ८, मिळून ४९ भाव. भट्ट लोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त हे रससूत्राचे चार व्याख्याकार. उत्पत्ती, अनुमिती, भुक्ती आणि अभिव्यक्ती ही त्यांची चार मते. उत्तर बिनचूक असते आणि गुणही पुरेसे मिळतात. परंतु त्याच विद्यार्थ्यास, शंकुकाने लोल्लटाच्या मतातील नेमके काय नाकारले आणि काय राखले, असे विचारले तर तो निरुत्तर होतो. नावे त्याच्या स्वाधीन झालेली असतात. नाती झालेली नसतात.

हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. आपली मार्गदर्शक पुस्तके, आपले फळ्यावरील मुद्दे आणि आपली परीक्षापद्धती ही सर्वच यादीवर पोसलेली आहेत. यादी ही वस्तू एकीखाली एक मांडते आणि त्यांच्यामधील संबंधाविषयी मौन पाळते. व्याकरणाच्या शिक्षकास हे मौन क्षणभरही चालत नाही. 'राम', 'रावण' आणि 'बाण' ही तीन नामे लिहून काही विधान होत नाही. रामाने रावणाला बाणाने मारले, असे म्हटले म्हणजे प्रत्ययांनी नाती सांगितली जातात आणि क्रियापदाने विधान पुरे होते. वाक्यपृथक्करणात जो काटेकोरपणा आपण आठवीनववीच्या मुलांकडून अपेक्षितो, तो साहित्यविचाराच्या उत्तरात पदवीच्या विद्यार्थ्याकडूनही अपेक्षीत नाही, हे एक आश्चर्यच होय.

या उणिवेवर उपाय म्हणून एका साध्या साधनाकडे शिक्षकवर्गाचे लक्ष वेधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्या साधनास 'संकल्पना-नकाशा' म्हणतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानविषयक समजुतींचा दीर्घकाळ अभ्यास करीत होते. मुलांच्या मुलाखतींचा ढीग साचत गेला; आणि एखाद्या मुलाची समजूत वर्षावर्षाने कशी बदलत गेली हे त्या ढिगातून वेचून काढणे दुष्कर झाले. तेव्हा १९७२ च्या सुमारास त्यांनी ही मांडणी योजिली. तिच्या मुळाशी डेव्हिड ऑसुबेल यांची १९६३ मध्ये मांडलेली उपपत्ती आहे : नवे ज्ञान पूर्वज्ञानाशी जाणीवपूर्वक जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, एरवी ते पाठांतर राहते. पुढे १९८४ मध्ये नोव्हाक आणि गोविन यांनी या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ती जगभरच्या शाळांत पोहोचली.

या नकाशाची कृती सोपी आहे. संकल्पना चौकटींत लिहावयाच्या. अधिक व्यापक संकल्पना वर, विशिष्ट खाली. दोन चौकटी रेषेने जोडावयाच्या. परंतु एवढ्याने नकाशा होत नाही. प्रत्येक रेषेवर एक शब्द लिहिला पाहिजे, आणि चौकट, रेषेवरील शब्द व दुसरी चौकट ही ओळीने वाचली असता खरे किंवा खोटे ठरू शकेल असे एक वाक्य तयार झाले पाहिजे. शिवाय नकाशाच्या दूरच्या दोन भागांना जोडणाऱ्या आडव्या रेषाही शोधावयाच्या असतात. विद्यार्थ्याची समज खरोखर खोल गेली आहे की नाही, हे त्या आडव्या रेषांवरून कळते. हल्ली पुस्तकांतून मध्यभागी एक शब्द आणि सभोवार किरणांसारख्या रेषा अशी जी चित्रे दिसतात, त्यांच्या रेषा मुक्या असतात. ती गोल मांडलेली यादीच होय. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन असे सुचविले आहे की, रेषेवरील शब्द वाटेल ते न घेता मोजके व निश्चित अर्थाचे घ्यावेत. 'संबंध आहे' या शब्दाने काहीच सांगितले जात नाही. 'भाग आहे', 'प्रकार आहे', 'कारण आहे' यांनी सांगितले जाते.

विज्ञानाच्या वर्गात जन्मलेले हे साधन साहित्यशास्त्रास कितपत मानवेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या परंपरेतच मिळते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील रससूत्र घ्यावे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारिभाव यांच्या संयोगाने रसाची निष्पत्ती होते, असा त्याचा आशय. यात चौकटी चार : विभाव, अनुभाव, व्यभिचारी आणि रस. रेषेवरील शब्द दोन : संयोग आणि निष्पत्ती. यानंतर काही शतके काश्मीरच्या पंडितांत जो वाद चालला, तो मुख्यतः चौकटींविषयीचा नव्हता. विभाव असतात हे सर्वांना मान्य होते. अनुभाव असतात हेही मान्य होते. वाद होता तो 'संयोग' म्हणजे कोणता संबंध आणि 'निष्पत्ती' म्हणजे कोणती क्रिया, याविषयी. भारतीय साहित्यशास्त्रातील हा थोर वाद रेषेवरील शब्दांचा वाद आहे. यादी करणारा विद्यार्थी नेमके ते शब्दच गाळतो.

या वादाची मूळ साधने आपणांस उपलब्ध झाली, ती बडोद्याच्या प्रयत्नाने, ही गोष्ट येथील वाचकांस अभिमानाची वाटावी. लोल्लट, शंकुक व भट्टनायक यांचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मते आपणांस कळतात ती प्रामुख्याने अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती' या टीकेत केलेल्या अनुवादावरून व खंडनावरून. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्यमालेत १९१६ मध्ये राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'ने आरंभ झाला, आणि याच मालेत रामकृष्ण कवी यांनी नाट्यशास्त्र अभिनवभारतीसह प्रकाशात आणले. पहिला खंड १९२६ मध्ये निघाला, चौथा १९६४ मध्ये. हस्तलिखिते केरळातील, आणि इतकी भ्रष्ट, की स्वतः अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ त्यांवरून जुळविता येणार नाही, अशा अर्थाचे उद्गार संपादकांनी काढले. सातव्या अध्यायावरील बहुतेक टीका आणि आठव्यावरील सगळी टीका हाती लागली नाही ती नाहीच. सुदैवाने रससूत्रावरील भाग बाराव्या शतकात गुजरातेतच, हेमचंद्राने आपल्या 'काव्यानुशासना'च्या विवेकात मोठ्या प्रमाणावर उतरून घेतला होता. त्याच्या आधारे पुढील अभ्यासकांना पाठ शुद्ध करता आला. एवढ्या सायासाने मिळालेला वाद आपण चार ओळींच्या यादीत कोंडावा, हे योग्य नव्हे.

आता या चार मतांचे नकाशे क्रमाने काढून पाहू.

लोल्लटाचा नकाशा काढू लागताच पहिली अडचण उभी राहते. रस म्हणजे विभावादिकांनी उपचित झालेला, म्हणजे पुष्ट झालेला स्थायिभाव, असे त्याचे म्हणणे. परंतु सूत्रात स्थायिभावाचा उल्लेखच नाही! म्हणजे लोल्लटाने एक चौकट स्वतः आणून बसविली. यादीत ही गोष्ट ध्यानात येत नाही, कारण यादीत स्थायिभाव अगोदरच पहिल्या ओळीत विराजमान झालेला असतो. नकाशात मात्र त्याला कोठे ठेवावे आणि कोणत्या रेषेने जोडावे, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि हाच प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. शंकुक म्हणतो, स्थायिभाव प्रत्यक्ष दिसत नाही, तो अनुमानाने कळतो. म्हणूनच भरताने त्याचे नाव वेगळ्या विभक्तीतसुद्धा घातले नाही. अभिनवगुप्त त्याहून पुढे जातो आणि म्हणतो की, स्थायीचा उल्लेख सूत्रात असता तर तो उलट शल्यासारखा सलला असता. एका न लिहिलेल्या शब्दावर आणि त्याच्या संभाव्य विभक्तीवर इतका विचार करणारी ही परंपरा आहे.

लोल्लटाच्या मताचे उत्तरकालीन टीकाकार जे विवरण करतात, तेही नकाशाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांच्या मते येथे 'संयोग' या एका शब्दात तीन नाती आहेत. विभाव आणि स्थायी यांत उत्पादक आणि उत्पाद्य हे नाते. अनुभाव आणि स्थायी यांत गमक आणि गम्य हे. व्यभिचारी आणि स्थायी यांत पोषक आणि पोष्य हे. शकुंतलेच्या दर्शनाने दुष्यंताच्या ठायी रती उत्पन्न होते. त्याच्या रोमांचांवरून ती कळते. त्याच्या उत्कंठेने ती पुष्ट होते. उत्पन्न होणे, कळणे आणि पुष्ट होणे या तीन निराळ्या क्रिया आहेत. म्हणून नकाशात तीन रेषांवर तीन शब्द येतात. 'लोल्लट : उत्पत्तिवाद' एवढे लिहून थांबणारा विद्यार्थी यांपैकी दोन रेषा पुसून टाकतो. हा रस मुख्यतः दुष्यंतादी अनुकार्याच्या ठायी असतो आणि नटाच्या ठायी आरोपाने असतो, असे लोल्लट मानतो. म्हणून या नकाशात अनुकार्य आणि नट यांच्या चौकटी येतात. प्रेक्षकाची चौकट मात्र त्यात येत नाही. नकाशा समोर ठेवला म्हणजे ही रिकामी जागा डोळ्यांस खुपते, आणि पुढील वाद का उद्भवला हे न सांगता समजते.

शंकुकाचा नकाशा काढताना प्रेक्षकास जागा मिळते. नट रामाचे अनुकरण करतो. त्याने दाखविलेली कारणे, कार्ये व सहकारी वस्तुतः कृत्रिम असतात, परंतु प्रेक्षकास ती कृत्रिम वाटत नाहीत. त्यांवरून तो नटाच्या ठायी स्थायीचे अनुमान करतो. येथे रेषेवरील शब्द आहे 'अनुमान'. नट हाच राम, ही प्रतीती खऱ्याची नव्हे, खोट्याची नव्हे, संशयाची नव्हे, सादृश्याचीही नव्हे; चित्रातील घोड्याकडे पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो तशी ती आहे. म्हणजे शंकुकाने नट आणि अनुकार्य या दोन्ही चौकटी राखल्या. त्यांमधील 'आरोप' हा शब्द पुसून तेथे 'अनुकरण' लिहिला आणि प्रेक्षकाची चौकट जोडली. आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होय, आणि ते पाठ करावे लागत नाही. दोन नकाशे शेजारी ठेवले की ते दिसते.

भट्टनायक प्रेक्षकाच्या चौकटीवर बोट ठेवून विचारतो : प्रेक्षकाने दुसऱ्याच्या शोकाचे नुसते अनुमान केले तर तो तटस्थ राहील, तो शोक स्वतःचाच वाटला तर त्याला दुःख होईल, मग करुणरसाचा आस्वाद येतो कोठून? या पेचातून सुटण्यासाठी तो काव्याच्या ठायी अभिधेखेरीज भावकत्व आणि भोजकत्व असे आणखी दोन व्यापार मानतो. भावकत्वाने विभावादिकांचे साधारणीकरण होते, ते अमुक एकाचे राहत नाहीत. भोजकत्वाने रसिक रसाचा भोग घेतो. येथे नकाशाचा गुरुत्वमध्यच बदलला. राम आणि नट कडेला गेले. काव्य आणि रसिक मध्यभागी आले.

आणि अभिनवगुप्त? यादी सांगते की त्याने आधीच्या तिघांचे खंडन केले आणि अभिव्यक्तिवाद मांडला. नकाशा निराळी कथा सांगतो. भट्टनायकाच्या नकाशातील साधारणीकरणाची चौकट अभिनवगुप्ताच्या नकाशात जशीच्या तशी उभी आहे. त्याने काढून टाकले ते दोन अधिकचे व्यापार. त्यांचे काम व्यंजनेने होते असे तो म्हणतो. जोडली ती सहृदयाच्या चित्तातील वासनेची चौकट. म्हणजे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्यामध्ये एक आडवी रेषा आहे आणि तिच्यावर 'ऋण' हा शब्द लिहावयास हवा. यादीत चार प्रतिस्पर्धी दिसतात. नकाशात एकाच विचाराच्या चार पिढ्या दिसतात. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे घर पाडले नाही. एखादी भिंत काढली, एखादे दार उघडले.

या साधनाची खरी कसोटी मात्र अभिनवगुप्ताच्या मताचे शेवटचे टोक गाठल्यावर लागते. रस हा कार्य नव्हे आणि ज्ञाप्यही नव्हे, असे या मताचे प्रतिपादन आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात ते थोडक्यात सांगितले आहे. रस कार्य असता तर कारणे नाहीशी झाल्यावरही तो उरला असता. घडा घडल्यावर कुंभाराचा दंड मोडला तरी घडा राहतोच. ज्ञाप्य असता तर तो आधीपासून सिद्ध असता. दिव्याने दिसणारा घडा दिव्यापूर्वीही अंधारात असतोच. रस आस्वादापूर्वी नसतो आणि आस्वादानंतर उरत नाही. मग विभावादिकांपासून रसाकडे जाणारा बाण काढावा कसा? बाण म्हटला की त्याला आरंभ आला आणि शेवट आला. एक वस्तू अलीकडे आणि एक पलीकडे आली. येथे नकाशाची भाषा अपुरी पडते.

या अपुरेपणामुळे साधन टाकाऊ ठरते असे कोणी म्हणेल, तर ते प्रस्तुत लेखकास मान्य नाही. विद्यार्थी बाण काढतो, त्यावर 'उत्पन्न करतात' लिहितो आणि ते खोडतो. 'ज्ञान करून देतात' लिहितो आणि तेही खोडतो. अखेरीस कोणतेही क्रियापद तेथे टिकत नाही हे त्याच्या अनुभवास येते. त्या क्षणी 'अलौकिक' या शब्दाचा अर्थ त्यास प्रथमच कळतो. एरवी हा शब्द त्याच्या उत्तरपत्रिकेत केवळ स्तुतिवाचक विशेषण म्हणून येत असतो. अभिनवगुप्ताच्या लेखी अलौकिक म्हणजे लोकव्यवहारातील कारक आणि ज्ञापक या दोन्ही हेतूंच्या चौकटीत न बसणारे. नकाशा जेथे मोडतो, तेथे सिद्धांताची सीमा कळते. आणि नकाशा काढलाच नसता तर ती कळली नसती.

हीच कसोटी अर्वाचीन मराठी समीक्षेलाही लावून पाहावी. आपल्याकडे रसचर्चेचा पुष्कळ भाग रसांच्या संख्येत खर्च झाला : भक्ती हा रस मानावा की न मानावा, वत्सल वेगळा की शृंगारात समाविष्ट. हे प्रश्न क्षुद्र नव्हेत, परंतु ते यादीचे प्रश्न आहेत. के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्शा'त (१९४२) मॅक्डूगलच्या मानसशास्त्राशी स्थायिभावांची सांगड घातली, तेव्हा त्यांनी नकाशात एक महत्त्वाची रेषा काढली. तिच्यावर 'म्हणजेच' लिहावयाचे, 'सारखे' लिहावयाचे, की 'पासून उद्भवते' लिहावयाचे, याचा निर्णय केल्यावाचून त्या सांगडीचे मोल ठरविता येत नाही. वाटवे यांच्या समर्थकांनी व टीकाकारांनी हा एक शब्द आधी निश्चित केला तर बराच वाद आपोआप शमेल.

मर्ढेकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील लयतत्त्वाचे त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. आमचे विद्यार्थी ही तीन नावे तीन चौकटींत लिहितात आणि वर 'लय' अशी चौथी चौकट काढतात. वस्तुतः हे तिन्ही शब्द चौकटींचे नव्हेतच. ते रेषांवरील शब्द आहेत. एका घटकाचे दुसऱ्याशी असणारे नाते संवादाचे, विरोधाचे किंवा समतोलाचे असते, आणि सौंदर्य घटकांत नसून त्यांच्या संबंधांच्या रचनेत असते, हाच मर्ढेकरांचा मुद्दा आहे. जो सिद्धांत संबंधालाच सर्वस्व मानतो, तोही आपण नामांच्या यादीत बसवितो, यावरून ही सवय किती खोल रुजली आहे ते दिसते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. हा नकाशा साहित्यविचाराचा काढावयाचा आहे, साहित्यकृतीचा नव्हे. कवितेतील प्रतिमांच्या चौकटी करून त्यांमध्ये 'सूचित करते', 'प्रतीक आहे' असे शब्द भरण्याची प्रथा शाळांतून पडू लागली, तर ते मोठे अनर्थकारक होईल. कवितेतील नाती वाचकाच्या चित्तात एकाच वेळी अनेक दिशांनी उमलतात. त्यांतील एकच नाते रेषेने बांधून टाकणे म्हणजे व्यंजनेला अभिधेच्या दावणीला जुंपणे होय. सिद्धांताचे काम नाते निश्चित करण्याचे आहे, कवितेचे ते मोकळे ठेवण्याचे आहे. हा विवेक ज्या शिक्षकाजवळ नाही, त्याने हे साधन हाती न घेणे बरे.

दुसरा धोका तयार नकाशाचा. शिक्षकाने फळ्यावर काढून दिलेला किंवा पुस्तकात छापलेला नकाशा विद्यार्थी यादीप्रमाणेच पाठ करील. नकाशाचा लाभ तो काढण्यात आहे, आणि त्याहून अधिक तो खोडण्यात आहे. म्हणून वर्गात प्रथम केवळ चौकटी द्याव्यात व रेषा कोऱ्या ठेवाव्यात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच रेषेवर निरनिराळे शब्द लिहिले की त्यांना एकमेकांशी वाद घालू द्यावा. आमच्या शाळेत वरच्या वर्गांत अलंकारांपुरता हा प्रयोग आम्ही करतो. उपमा आणि रूपक यांमधील रेषेवर कोणता शब्द लिहावा, यावरून मुलांत जो वाद होतो, त्यातून सादृश्य आणि अभेद यांतील अंतर त्यांना जितके स्पष्ट होते, तितके व्याख्या घोकून होत नाही. त्यासाठी खडू आणि फळा यांखेरीज काहीही लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी विचारांतील नात्यांना नावे देण्याची फार मोठी परंपरा निर्माण केली आहे. उत्पाद्य-उत्पादक, गम्य-गमक, पोष्य-पोषक, भोज्य-भोजक, व्यंग्य-व्यंजक या जोड्यांकडे आपण पांडित्याचा शब्दावडंबर म्हणून पाहतो आणि परीक्षेपुरत्या त्या पाठ करतो. खरे पाहता त्या रेषांवरील शब्दांचा तयार संच आहेत. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक आज ज्या निश्चितार्थक शब्दांची मागणी करीत आहेत, त्या जातीचा. उणीव आहे ती आपण ते शब्द जागच्या जागी, दोन संकल्पनांच्या मधोमध, लिहून पाहत नाही एवढीच. साहित्यशास्त्राची क्रमिक पुस्तके सिद्ध करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक प्रकरणाअखेर प्रश्नांच्या बरोबर काही कोऱ्या रेषा द्याव्यात, आणि परीक्षकांनी मते किती सांगितली याऐवजी मतांमधील नाते कोणत्या शब्दाने सांगितले याला गुण द्यावेत, एवढी विनंती शिक्षकबंधुभगिनींस आणि परिषदेच्या सभासदांस करणे अप्रस्तुत होणार नाही.